ऑपरेशन पुण्यात, पाठपुरावा कुठे?

नांदेड-लातूर पट्ट्यात ज्याचं आयुष्य मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइडचे रुग्ण तपासण्यात चाललं आहे, त्याच्या ओपीडीत गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकारचा रुग्ण येऊ लागला आहे. त्याचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेलं असतं, पण इथे नाही. देगलूर-किनवटकडचा माणूस बहुधा हैदराबाद गाठतो, औसा-निलंग्याचा सोलापूर किंवा पुणे, आणि ज्यांची मुलं मुंबईत आहेत ते देवगिरी नाहीतर लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं तिकडे जातात. ऑपरेशन बहुतेक वेळा चांगलंच झालेलं असतं. पोटावर चार-पाच बारीक छिद्रांचे व्रण असतात, हातात जाड फाइल आणि रंगीत छापील आहारतक्ता असतो, आणि काही महिन्यांत वजन डोळ्यांत भरण्याइतकं उतरलेलं असतं. तक्रार भलतीच असते. केस मुठीनं गळतात, पायाला मुंग्या येतात, उभं राहिलं की अंधारी येते, खाल्लेलं उलटून पडतं. असे रुग्ण तपासता तपासता आणि त्यांच्या फायली वाचता वाचता माझं एक मत पक्कं होत गेलं. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवणारी, शस्त्रक्रिया गुणकारी आहे का, हा वाद आता संपल्यात जमा आहे. ती गुणकारी आहे. आपल्या भागापुरता खरा प्रश्न असा की तिचा गुण टिकवणारी व्यवस्था रुग्णाच्या घरापासून किती लांब आहे. जगभरचं संशोधन शेवटपर्यंत वाचलं तर तेही हेच सांगतं. जाहिरातीत मात्र त्याचा पहिला अर्धाच भाग येतो.

या विषयाचा पाया म्हणजे स्वीडनमधला एसओएस नावानं ओळखला जाणारा अभ्यास. १९८७ मध्ये लार्स शोस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुरू केला. शस्त्रक्रिया झालेले २,०१० जण एका बाजूला आणि त्यांच्याशी वय, वजन, आजार जुळणारे, पण नेहमीचेच उपचार घेणारे २,०३७ जण दुसऱ्या बाजूला. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ही त्यातली उणीव मान्य केलीच पाहिजे. पण इतकी माणसं इतकी वर्षं सांभाळून ठेवणारा दुसरा अभ्यास सहज सापडत नाही. दहा वर्षांनी जठराचा बायपास झालेल्यांचं वजन मूळ वजनापेक्षा सुमारे २५ टक्के कमी होतं, जठराला पट्टा घातलेल्यांचं १४ टक्के, आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली नव्हती ते जवळपास होते तिथेच होते. २००७ मध्ये मृत्यूंचा हिशेब जाहीर झाला. वय, लिंग आणि इतर धोके जमेस धरून शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी निघाला. पुढे २०२० मध्ये आयुर्मानाचे आकडे आले. शस्त्रक्रिया झालेले लोक तुलनेच्या गटापेक्षा साधारण तीन वर्षं जास्त जगत होते, पण सर्वसाधारण स्वीडिश माणसापेक्षा साधारण साडेपाच वर्षं कमी. हा दुसरा आकडा मी कोणत्याही हॉस्पिटलच्या पत्रकावर पाहिलेला नाही, आणि माझ्या लेखी तोच महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेनं आजाराचं ओझं हलकं होतं, पण माणूस रुग्णाच्या यादीतून बाहेर पडत नाही. शिवाय त्या अभ्यासातल्या बहुतेकांवर जी शस्त्रक्रिया झाली, ती आज कुणी करत नाही. आणि आपल्याकडे आज सर्रास होणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया त्यात नव्हतीच. स्वीडनचे आकडे जसेच्या तसे उचलून पेशंटपुढे ठेवणाऱ्यानं एवढं तरी सांगायला हवं.

मधुमेहाच्या बाबतीत चित्र आणखी बोलकं आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या फिलिप शॉअर यांनी १५० रुग्णांवर केलेल्या चाचणीत गट चिठ्ठ्या टाकूनच पाडले होते. पाच वर्षांनी, म्हणजे २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार तीन महिन्यांची साखर ६ किंवा त्याखाली ठेवू शकणारे रुग्ण नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के होते, स्लीव्हच्या गटात २३ आणि बायपासच्या गटात २९. फरक मोठा आहे, यात वाद नाही. पण पहिल्या वर्षी हेच आकडे १२, ३७ आणि ४२ होते, हेही त्याच संशोधकांनी लिहून ठेवलं आहे. रोममधल्या जेल्ट्रूडे मिंग्रोने यांच्या चाचणीत दहा वर्षांनंतरही मधुमेह माघारी न आलेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ३७.५ टक्के होते. स्वीडनच्या अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह गेलेला होता, पंधरा वर्षांनी ३० टक्क्यांचा. म्हणजे ज्यांचा गेला होता त्यांतल्या निम्म्याहून अधिकांकडे, थोडा उशिरा आणि बहुधा थोडा सौम्य होऊन, तो परत येतो. त्या दिवशी त्याला ओळखणारा डॉक्टर कुठला असणार? पुण्याचा सर्जन नक्कीच नाही. तोवर त्या रुग्णाचा नंबरही बदललेला असतो. ‘शुगर गेली’ म्हणून ज्यानं रक्त तपासणं सोडलं, त्याला ती परत आल्याचं पायाची जखम भरेनाशी झाल्यावरच कळतं.

स्लीव्हबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण फाइल उघडली की बहुधा तीच असते. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि उरते ती अरुंद नळी. आतड्याला हात लागत नाही म्हणून ती सोपी, कमी वेळाची आणि लोकप्रिय. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना झाली. दहा वर्षांनी, जास्तीच्या वजनापैकी किती उतरलं हे मोजलं, तर स्लीव्हमध्ये ४३ आणि बायपासमध्ये ५१ टक्क्यांच्या आसपास आलं. दोन्ही कामाच्या. पण दुर्बिणीनं पाहिल्यावर अन्ननलिकेला सूज स्लीव्हच्या ३१ टक्के रुग्णांत दिसली, बायपासच्या ७ टक्के रुग्णांत. आपल्याकडे आम्लपित्ताची गोळी किराणा दुकानातही मिळते आणि छातीतली जळजळ हा आजार आहे असं कुणी मानत नाही. जेवणात ठेचा, वर तंबाखू. अशा माणसाच्या अन्ननलिकेकडे दहाव्या वर्षी दुर्बिणीतून कोण पाहणार? सध्या बोलबाला असलेल्या मिनी बायपासचंही असंच. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत तो वजनाच्या बाबतीत जुन्या बायपासच्या तोडीचा ठरला, पण त्या गटातल्या गंभीर गुंतागुंतींपैकी एक-पंचमांश पोषणाच्या होत्या, आणि जुन्या बायपासच्या गटात तसली एकही नव्हती.

फ्रान्समध्ये पोषणाचा जो प्रश्न शस्त्रक्रियेनंतर निर्माण होतो, तो आपल्याकडे आधीपासूनच घरात असतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम या बाबतीत डोळ्यांपुढे ठेवावं. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असतो, हे त्यांनी स्वतःच्या आणि इंग्लंडमधल्या सहकारी जॉन युडकिन यांच्या शरीराचे आकडे शेजारी मांडून दाखवलं. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. त्यांच्याच गटानं पुण्यात आणि भोवतालच्या खेड्यांत पुरुषांचं बी-१२ तपासलं, तेव्हा दोन-तृतीयांश पुरुषांत ते कमी भरलं. शाकाहारी लोकांत जास्तच. आता पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातलं वेळापत्रक पाहा. बी-१२ यकृतात काही वर्षांचं साठवलेलं असतं, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरची कमतरता उशिरा दिसते, असं ते सांगतं. हे वेळापत्रक भरल्या कोठाराच्या माणसासाठी लिहिलेलं आहे. आपल्याकडचा माळकरी, शाकाहारी रुग्ण टेबलावर चढतो तेव्हाच त्याची शिल्लक संपत आलेली असते. भरीला तो वर्षानुवर्षं मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन घेत असतो, जी स्वतःच बी-१२ कमी करते. त्याच्या पायाच्या मुंग्या मधुमेहाच्या की बी-१२च्या, हे न तपासता ‘शुगरमुळे होतं असं’ म्हणणं सोपं असतं. लोहाचं वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यातल्याच कुणाच्या तरी जठराचा बराचसा भाग कापला जातो, आणि हिमोग्लोबिनचा पुढचा आकडा कुणी बघितलेलाच नसतो.

प्रथिनांचा हिशेब तर पाटावर बसून मांडता येतो. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, असं सगळीकडे सांगतात. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम असतात. आपल्याकडचं रोजचं पातळ वरण वाटीला पंचवीस-तीस ग्रॅम डाळीचं. म्हणजे सहा ग्रॅम, फार तर सात. पहिल्या काही महिन्यांत स्लीव्हच्या रुग्णाचं पोट एका वाटीतच भरतं. वाटी वरणाची, पण त्यातलं बरंचसं पाणीच. वर अर्धी भाकरी मोडली की संपलं. छापील तक्त्यात मात्र टोफू, ग्रीक योगर्ट आणि व्हे पावडर असते, कारण तो तक्ता मुखेडच्या स्वयंपाकघरासाठी केलेलाच नसतो. इथला तक्ता इथल्या बाजारातून करायला हवा: चमचा उभा राहील असं घट्ट वरण, अंडं चालत असेल तर अंडं, मोडाची मटकी बारीक करून, घरचं पनीर, चक्का, सोयाबीनच्या वड्या. लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि तूर पोत्यांनी येतात. त्यातलं सोयाबीन तेलाच्या गिरणीत आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खुराकात जाते. माणसाच्या ताटात त्याचा फारसा शिरकाव नाही. मग एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे उपवास आणि साबुदाणा आहेच. रमजानचे रोजेही आहेत, आणि त्यांत पाणी कमी पडण्याचा धोका वेगळा. उपवास करू नका असं सांगून कुणी ऐकत नाही. काय खाऊन करावा, हे सांगणारं माणूस जवळपास असेल तर ऐकतात.

जवळ कुणी नसल्याची खरी किंमत दिसते ती रात्री-अपरात्री. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत उलट्या सुरू होणं दुर्मीळ नाही. नळी अरुंद झालेली असते, घास नीट चावलेला नसतो, सूज असते. आठ-दहा दिवस काही पोटात ठरत नाही, मग घरचे तालुक्याच्या दवाखान्यात नेतात आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सलाईन लागतं. बाटली बहुधा ग्लुकोजची. इथे एक गोष्ट प्रत्येक डॉक्टरनं आणि सिस्टरनं लक्षात ठेवावी. शरीरात थायमिन, म्हणजे बी-१, फार तर दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच असतं. ते संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला उरलंसुरलंही मिळेनासं होतं. रुग्णाची नजर स्थिर राहत नाही, चाल झोकांड्या खाते, बोलणं बरळल्यासारखं होतं, आणि हे नुकसान कायमचं राहू शकतं. उपाय म्हणजे बाटली लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन. किंमत किरकोळ, मिळतंही कुठल्याही मोठ्या मेडिकलवर. बायपासच्या रुग्णाला गुडघेदुखीसाठी दिलेलं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन असंच महागात पडतं. जोडाच्या जागी व्रण होतो, कधी तो फुटतो. बिडी ओढणारा असेल तर धोका आणखी. तिसरी गोष्ट साखरेच्या गोळ्यांची. ऑपरेशननंतर काही दिवसांतच, वजन अजून जेमतेम हललेलं असताना, साखर उतरू लागते, कारण आतड्यातल्या संप्रेरकांचा खेळच बदललेला असतो. जुनी ग्लिमेपिराइडची गोळी कुणी कमी केली नाही तर पहाटे रुग्ण घामानं थबथबलेला आणि बेशुद्ध सापडतो. या तिन्ही गोष्टींत सर्जनची चूक शोधून काही हाती लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि ते कार्ड त्या वेळी घरी कपाटात असतं.

तरुण मुलींचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. पीसीओडी, अनियमित पाळी, वाढलेलं वजन, आणि घरात सुरू झालेलं स्थळं बघणं, असा हा गुंता असतो. ऑपरेशन लग्नाआधी, शक्यतो गुपचूप व्हावं अशी घरच्यांची इच्छा असते. वजन उतरलं की पाळी सुधारते, गर्भ राहण्याची शक्यता वाढते. आणि नेमकं तेव्हाच, वर्ष-दीड वर्ष तरी गर्भधारणा नको, असा वैद्यकीय सल्ला असतो. पण सासरी ऑपरेशनचं सांगितलेलंच नसतं. मग लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या कुणापुढे घ्यायच्या, आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला कोण सांगणार? याज्ञिकांच्या पुणे मातृपोषण अभ्यासानं दाखवलं आहे की आईला बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणजे आईचा मधुमेह टाळायला केलेल्या ऑपरेशनचा पाठपुरावा झाला नाही, तर तोच आजार मुलाकडे सरकवण्याची सोय आपण करतो. या मुलींवर ऑपरेशन करूच नये, असं मी म्हणणार नाही. लपवून करू नये, एवढं ठामपणे म्हणेन.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला घरातल्या वडीलधाऱ्यांचा: तोंड आवरलं, चार पावलं चाललं की झालं, पोट कशाला कापायचं? हा सल्ला वाईट नाही, अपुरा आहे. अमेरिकेत लुक अहेड नावाच्या चाचणीत पाच हजारांहून अधिक मधुमेही लोकांपैकी निम्म्यांना वर्षानुवर्षं आहार, व्यायाम आणि समुपदेशनाची अशी मदत मिळाली की आपल्याकडे श्रीमंतालाही मिळणार नाही. शेवटी त्यांचं वजन सरासरी ६ टक्के कमी राहिलं, दुसऱ्या गटाचं साडेतीन टक्के. १२० किलोच्या माणसाच्या गुडघ्यांना आणि घोरण्याला तेवढ्यानं भागत नाही. वजन उतरू लागलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च आखडतं. त्यात माणसाच्या निश्चयाचा दोष नसतो. दुसरा आक्षेप सामाजिक आहे. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळी मुलखात लठ्ठपणाच्या ऑपरेशनची चर्चा हे श्रीमंतांचं कौतुक नव्हे का? आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीत २०११ मध्येच ग्रामीण महाराष्ट्रातल्या साडेसहा टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता. आज राज्यातल्या दर चार प्रौढांमागे जवळपास एकाचा बीएमआय २५ च्या वर आहे. अभावात वाढलेल्या शरीराला पुढच्या आयुष्यातली थोडी सुबत्ताही पेलत नाही, हाच तर याज्ञिकांच्या कामाचा रोख आहे. दुष्काळ आणि मधुमेह एकाच घरात राहू शकतात, आणि राहतातही.

तिसरा आक्षेप नवा आणि वजनदार आहे. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं भारतात आली. सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरतं. आता सुरी हवीच कशाला? सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे स्वस्त पर्यायांना वाट मोकळी, हेही खरं. बऱ्याच रुग्णांना ही औषधं पुरतील आणि त्यांनी तीच घ्यावीत, असं माझं मत आहे. पण इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत येतं, हेही सेमाग्लुटाइडच्याच चाचणीच्या पुढच्या भागात नोंदलेलं आहे. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याच्या घरात आधी कुठला खर्च थांबतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. थोडक्यात, इंजेक्शनं आली म्हणून पाठपुराव्याची गरज संपत नाही. उलट गरज असलेल्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते.

मग ऑपरेशनच इथे का करू नये, असं विचारणारे आहेत. नांदेडच्या विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, खासगीत दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करणारे निष्णात सर्जन आहेत. तरी घाई नको, असं मला वाटतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २० सर्जननी आपापल्या बायपासच्या चित्रफिती दिल्या, आणि त्या कुणाच्या हे न सांगता इतर सर्जनकडून त्यांना गुण देववले. सर्वांत कमी गुणांच्या चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत वरच्या हिश्श्यात ५.२. हात सरावाचा लागतो आणि सराव संख्येतून येतो. जिथे खूप होतात तिथे ऑपरेशन करावं, पुढचं सांभाळणं मात्र घराजवळ असावं. फोनवर किंवा व्हिडिओवर पाठपुरावा होतो, असं मोठी हॉस्पिटलं सांगतात. वजन विचारण्यापुरता होतो. फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांसाठी रक्त द्यावं लागतं, पायाची संवेदना तपासायला पायाला हात लावावा लागतो. या सगळ्या तपासण्या नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आणि लातूरमध्ये रोज होतात. अडचण तपासणीची नाही. केव्हा, कोणती आणि कुणी करायची, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

पैशांची व्यवस्थाही याच ठिकाणी तुटते. विमा नियामकाच्या नियमांनुसार अठरा वर्षांवरच्या, बीएमआय ४० किंवा गंभीर आजारासह ३५ असलेल्या रुग्णाला ठरावीक अटींवर विमा मिळू शकतो. हे आकडे मुळात १९९१ च्या अमेरिकी शिफारशींचे. शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये ते बदलून आशियाई लोकांसाठी २७.५ वरच विचार करावा असं म्हटलं. मला स्वतःला २७.५ वर सुरी उचलण्याची घाई पटत नाही, पण ४० ची वाट बघणं आपल्या शरीरांसाठी उशीरच आहे. असो. विम्याचे पैसे मिळाले तरी ते हॉस्पिटलात भरती असतानाचे. दर वर्षीच्या रक्ततपासण्या आणि जन्मभराच्या गोळ्या खिशातून. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. आज ती महात्मा फुल्यांच्या नावानं चालते आणि तिनं या भागातल्या असंख्य घरांना कर्जातून वाचवलं, याबद्दल दुमत नसावं. पण तिचाही घाट प्रसंगाचा, म्हणजे भरती, शस्त्रक्रिया, सुट्टी. दहा वर्षं चालणाऱ्या देखभालीला कुठल्याच योजनेत खण नाही.

संशोधनाचं दुखणंही हेच. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी बॅरिॲट्रिकवरचे ७,३७१ शोधनिबंध चाळले. किमान दोन वर्षं आणि किमान ८० टक्के रुग्णांचा माग ठेवणारे त्यांत निघाले अवघे २९. जे परत आले नाहीत त्यांचं काय झालं, हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. आणि न येणारा रुग्ण बरा असतो असं समजायला काहीच आधार नाही. अमेरिकेतल्या युटामध्ये बायपास झालेल्या आणि न झालेल्या जवळपास आठ-आठ हजार माणसांची तुलना झाली, तेव्हा मधुमेहानं, हृदयविकारानं, कर्करोगानं होणारे मृत्यू बायपासनंतर खूप घटलेले दिसले, पण अपघात आणि आत्महत्या धरून इतर कारणांचे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त निघाले. वजनकाट्यावर हे दिसत नाही. वजन कमी करण्यासाठी २०१७ मध्ये मुंबईत आणलेल्या इजिप्तच्या इमान अहमद यांच्या उपचारांत आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत रोज उतरलेले किलो मोजले. त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा आजार अपवादात्मक होता आणि त्यावरून कुणावर ठपका ठेवण्याचं कारण नाही. पण किलो मोजण्याची ती सवय आपल्या समाजात आणि आमच्या धंद्यातही अजून तशीच आहे.

या दोन जिल्ह्यांत करण्याजोगं एक काम आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. दोन्ही शासकीय महाविद्यालयांतल्या एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो. त्यातला बराचसा भाग रॅकवर धूळ खातो, हे प्रबंध तपासणाऱ्यांनाही माहीत आहे. त्याऐवजी एक नोंदवही सुरू करावी. ऑपरेशन कुठेही झालेलं असो, नांदेड-लातूरला राहणाऱ्या प्रत्येक बॅरिॲट्रिक रुग्णाचं वजन, तीन महिन्यांची साखर, हिमोग्लोबिन, बी-१२, आणि वर्षातून एकदा मन कसं आहे याची विचारपूस, एवढं तिच्यात भरत जावं. एका विद्यार्थ्याची तीन वर्षं संपली की वही पुढच्याच्या हाती द्यावी. महिन्यातून एका सोमवारी ओपीडीत यांच्यासाठी वेगळं टेबल ठेवावं. हैदराबाद-पुण्याच्या केंद्रांनी आपल्या रुग्णाला घरी पाठवताना मराठीत एक पान द्यावं: कोणती शस्त्रक्रिया झाली, उलट्या झाल्या तर आधी थायमिन, कोणती वेदनाशामकं नकोत, पुढचं रक्त कधी. रुग्णानं ते पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावं. आणि जे अजून विचारच करत आहेत, त्यांनी पैसे भरण्याआधी सर्जनला एवढं विचारावं, की पाच वर्षांपूर्वी तुम्ही ज्यांचं ऑपरेशन केलं त्यांतले किती जण अजून तुमच्या तपासणीत आहेत. आकडा सांगता आला नाही, तर दुसरं हॉस्पिटल बघा.